नाकाबंदीत "डिकी उघडा" म्हटलं तर? वॉरंटशिवाय गाडीची झडती कोण, कधी आणि कशी घेऊ शकतं (ठाणे-नवी मुंबई)

कोपरीकर_वकील

आनंदनगर नाका, ऐरोली पूल, वाशी खाडीपूल, गायमुख, शीळफाटा, कळंबोली सर्कल. रात्री यातल्या कुठेही बॅरिकेड लागले की दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन टोकांचे मेसेज फिरतात. एक म्हणतो, वॉरंट दाखवल्याशिवाय गाडीला हात लावू देऊ नका. दुसरा म्हणतो, पोलीस कधीही काहीही तपासू शकतात, गप्प बसा. दोन्ही चूक आहेत, आणि पहिला मेसेज जास्त धोकादायक, कारण त्यावर विसंबून हुज्जत घातली की साध्या तपासणीचं गुन्ह्यात रूपांतर होतं.

रस्त्यावर गाडी तपासण्याचा एकच सरसकट अधिकार आपल्या कायद्यात नाही. वेगवेगळ्या कायद्यांनी तो तुकड्यातुकड्यांनी दिलेला आहे. प्रत्येक ठिकाणी अधिकाऱ्याचा दर्जा वेगळा, शोधायची वस्तू वेगळी, आधी काय लिहायचं ते वेगळं. म्हणून "वॉरंट आहे का?" या प्रश्नापेक्षा "साहेब, कोणत्या कायद्याखाली आणि कशासाठी?" हा प्रश्न उपयोगाचा.

सुरुवात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेपासून (बीएनएसएस) करू. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी ती आली. तिच्या व्याख्येप्रमाणे 'ठिकाण' म्हणजे घर, इमारत, तंबू, वाहन आणि जहाजसुद्धा. त्यामुळे ठिकाणाच्या झडतीचे नियम गाडीलाही लागतात.

कलम १८५ (जुनं १६५) : पोलीस ठाण्याचा प्रभारी किंवा तपास करणारा अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. पण त्यासाठी हातात एखाद्या गुन्ह्याचा तपास हवा, हवी ती वस्तू तिथे सापडेल असं मानायला सबळ कारण हवं, आणि वॉरंट आणेपर्यंत उशीर होईल अशी स्थिती हवी. ही कारणं आणि शोधायची वस्तू झडतीच्या आधी लिहून ठेवायची असतात. झडतीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं, शक्यतो मोबाईलवर. त्या नोंदींच्या प्रती ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे गेल्या पाहिजेत. गाडीच्या मालकाने अर्ज केला तर त्याला त्या विनामूल्य मिळतात.

कलम १०६ (जुनं १०२) : चोरीची असल्याचा संशय असलेली, किंवा गुन्ह्याचा संशय यावा अशा परिस्थितीत सापडलेली वस्तू कोणताही पोलीस अधिकारी जप्त करू शकतो. इथे अधिकार जप्तीचा आहे, धुंडाळण्याचा नाही, हा फरक लक्षात ठेवा. मागच्या सीटवर उघडं पडलेलं हत्यार दिसलं तर हे कलम पुरेसं आहे.

कलम ४९ (जुनं ५१) : अटक झालेल्या माणसाची अंगझडती.

आता नेहमीच्या नाकाबंदीत आधी नोंदलेला गुन्हा नसतो, म्हणून १८५ तिथे बसत नाही. मग काय बसतं? महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ६५. रस्त्यावर कोणाच्या ताब्यातली वस्तू चोरीची आहे असा पोलीस अधिकाऱ्याला प्रामाणिक संशय आला तर तो ती शोधू शकतो, तपासू शकतो, खुलासा मागू शकतो. खुलासा उघड खोटा किंवा संशयास्पद वाटला तर वस्तू अडवून दंडाधिकाऱ्याला कळवायचं. आणि दुसरं, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. त्याबद्दल खाली कोणीतरी लिहीलच.

ठाणे_अंमलदार_निवृत्त

वकीलसाहेब, मीच लिहितो. लोक अमली पदार्थांच्या कायद्यावर तासभर बोलतात, पण आपल्या राज्यात रोजच्या नाकाबंदीला सर्वांत मोठा आधार दारूबंदी अधिनियम १९४९ च्या कलम १२१ चा आहे. मादक पदार्थ शोधण्यासाठी पोलीस अधिकारी वाहन थांबवू शकतो, तपासू शकतो, पेटी-पुडकं उघडू शकतो. १८५ सारखी 'आधी कारणं लिहा' ही अट तिथे नाही. फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेला माल पनवेलच्या बाजूने येतो, तो पकडला जातो तो असाच. तेव्हा दुसऱ्या राज्यातला व्हिडिओ बघून इथल्या नाक्यावर वाद घालू नका.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २० ही आहे. संशय यावा अशा रीतीने कोणी हत्यार किंवा दारूगोळा घेऊन जात असेल, मग ते गाडीतून असो वा पायी, तर पोलीस वॉरंटशिवाय त्याला अटक करून हत्यार ताब्यात घेऊ शकतात.

बीएनएसएसमध्ये कलम १७२ नवीन आलंय. गुन्हा रोखण्याच्या कर्तव्यात पोलिसाने दिलेला कायदेशीर आदेश पाळणं बंधनकारक. न पाळणाऱ्याला बाजूला नेता येतं, दंडाधिकाऱ्यापुढे हजर करता येतं, किरकोळ प्रकरणात २४ तासांच्या आत सोडून देता येतं. गाडी थांबवा, काच खाली करा, आतला दिवा लावा, हे सगळं यात येतं.

कोपरीकर_वकील

बरोबर, पण 'कायदेशीर' हा शब्द १७२ मध्येच आहे. आदेश कायदेशीर नसेल तर ते कलम त्याला कायदेशीर करत नाही. आणि १२१ खालची झडती दारू शोधण्यासाठी. दप्तरातली कागदपत्रं वाचणं, पाकिटातले पैसे मोजणं, फोन उघडायला लावणं यात बसत नाही. अधिकार ज्या वस्तूसाठी आहे ती ज्या जागेत मावू शकते, तितकीच झडती समर्थनीय.

ठाणे_अंमलदार_निवृत्त

त्यावर दुमत नाही.

घोडबंदर_आरटीओ_सल्ला

वाहतूक पोलिसांचा भाग वेगळा काढतो, कारण गोंधळ तिथेच होतो.

मोटार वाहन अधिनियम १९८८ कागद तपासायचा अधिकार देतो. कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितलं की परवाना दाखवायचा. डिजीलॉकर किंवा एम-परिवहनमधली प्रत चालते, केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. गॅलरीतला फोटो म्हणजे डिजीलॉकर नव्हे, त्यावर वाद घालू नका. कलम २०६ मध्ये कागद ताब्यात घेणं आहे आणि कलम २०७ मध्ये गाडी अडकवून ठेवणं : नोंदणी नाही, परमिट नाही, चालकाकडे परवाना नाही, अशा ठरावीक कारणांसाठी. कलम २०३ मध्ये श्वासचाचणी. १८५ ची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅ. (हे मोटार वाहन कायद्याचं १८५. वर आलेलं बीएनएसएसचं १८५ वेगळं, दोन्हीचा आकडा एकच असल्याने धाग्यात घोळ होऊ नये.)

या कायद्यात डिकीतल्या सामानाची झडती नाही, आणि चालू गाडीची चावी काढून घेण्याचीही तरतूद नाही. पण वाहतूक हवालदार हाही पोलीसच. मागच्या सीटवर खोके दिसले, वास आला, तर तो पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला बोलावून दुसऱ्या कायद्याखाली पुढे जाऊ शकतो. त्या वेळी "तुम्ही ट्रॅफिकवाले, तुम्हाला अधिकार नाही" हे वाक्य टिकत नाही.

काळ्या फिल्मबद्दल : सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालाने काचेवर वरून चिकटवलेली फिल्म बंद केली. नियम १०० मध्ये पुढच्या-मागच्या काचेला ७० टक्के आणि बाजूच्या काचांना ५० टक्के पारदर्शकता हवी. गडद काच म्हणजे नाक्यावर थांबवलं जाण्याचं हमखास निमित्त.

ऐरोली_से८

साध्या कपड्यांतल्या लोकांनी पाम बीच रोडसारख्या ठिकाणी गाडी अडवली तर? खरे पोलीस की तोतया, कसं ओळखायचं?

ठाणे_अंमलदार_निवृत्त

गुन्हे शाखा, अमली पदार्थविरोधी पथक साध्या कपड्यांत असतं, ते बेकायदा नाही. पण ओळखपत्र मागा, नाव आणि नेमणूक विचारा. दारं आतून लॉक, काच चार बोटं खाली, इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे. ११२ ला फोन करून जागा सांगा आणि "इथे पथक आहे का" विचारा. खरा अधिकारी या फोनला हरकत घेत नाही. गाडी पळवू नका. बॅरिकेड तोडून निघालात तर संशयाला कारण तुम्हीच दिलंत, वर अपघाताची भीती.

अटक करायची तर बीएनएसएस कलम ३६ प्रमाणे अधिकाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे आणि अटक पंचनामा झाला पाहिजे.

बेलापूर_अॅडव्होकेट

अमली पदार्थांवर सविस्तर लिहिते, कारण गाडीच्या झडतीचे सगळे बारकावे इथे सापडतात. एनडीपीएस अधिनियम १९८५.

कलम ४२ : इमारत, वाहन किंवा बंदिस्त जागा. शासनाने अधिकार दिलेला, शिपायाच्या वरच्या दर्जाचा अधिकारी. त्याला आधी खबर मिळाली असेल तर ती लिहून काढायची. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर वॉरंट घ्यायला वेळ का नव्हता ते लिहायचं. त्या लेखी नोंदीची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठाकडे.

कलम ४३ : सार्वजनिक जागा. इथे ४२ ची लेखी औपचारिकता नाही. सार्वजनिक वाहतुकीचं वाहनही यात येतं.

कलम ४९ : वाहन अमली पदार्थ नेण्यासाठी वापरलं जातंय असा संशय असेल तर ते कधीही थांबवून झडती घेता येते.

खरा वाद ४२ की ४३ यात असतो. नाक्यावर उभी असलेली तुमची खासगी मोटार सार्वजनिक जागेत आहे, म्हणून ४३, असं सरकारी पक्ष म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बूटा सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात सांगितलं, खासगी वाहन रस्त्यावर असलं तरी ते 'सार्वजनिक वाहन' होत नाही, कलम ४२ च पाळावं लागेल. तिथे ४२ ची पूर्तता अजिबात नव्हती, आरोपी सुटले. म्हणून आरसीवर गाडी खासगी नोंदलेली आहे की प्रवासी वाहतुकीची, हे अशा खटल्यात पहिल्या दिवसापासून महत्त्वाचं. टीएमटीची बस, रिक्षा यांचं गणित वेगळं, पांढऱ्या नंबरप्लेटच्या मोटारीचं वेगळं.

उशीर आणि पूर्ण अभाव यातही फरक आहे. करनैल सिंग (२००९) मध्ये घटनापीठाने सांगितलं की पूर्तता अजिबात केलीच नाही तर माफी नाही, पण उशिराचं समाधानकारक स्पष्टीकरण असेल तर चालेल. आणि आधी काही खबरच नव्हती, परवाना तपासताना अचानक पुडी सापडली, तर आधी लिहून ठेवण्याचा प्रश्न येत नाही. मात्र सापडल्या क्षणापासून पुढचं सगळं एनडीपीएसच्या पद्धतीने व्हायला हवं.

कलम ५० बद्दल मोठा गैरसमज आहे. 'राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्या' असं सांगण्याचा हक्क फक्त अंगझडतीला आहे. गाडी, डिकी, बॅग, सॅक यांना तो लागू नाही. पवन कुमार (२००५) मध्ये हे ठरलं आणि रंजन कुमार चढ्ढा (२०२३) मध्ये पुन्हा ठाम झालं. डिकीतल्या बॅगेत माल सापडला आणि वकिलाने सगळा भर ५० वर दिला, तर बचाव तिथेच संपतो. खरं लक्ष ४२ ची नोंद, पंच, सील आणि कलम ५२अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यासमोर काढलेले नमुने यांकडे हवं.

प्रमाणाचा अंदाज असू द्या : गांजा १ किलोपर्यंत अल्प, २० किलोच्या वर व्यापारी. एमडी (मेफेड्रोन) २ ग्रॅमपर्यंत अल्प, ५० ग्रॅमच्या वर व्यापारी. व्यापारी प्रमाणात कलम ३७ मुळे जामीन अतिशय कठीण. मित्राला लिफ्ट देताना त्याच्या बॅगेत काय आहे याची चौकशी करावी, ती याचसाठी.

कळंबोली_मालवाहतूक

अॅडव्होकेट ताई, उत्तम. ट्रकमालकांसाठी पुरवणी देतो.

एनडीपीएसच्या कलम ६० प्रमाणे माल सापडला की वाहन सरकारजमा होऊ शकतं. मालकाला वाचायचं तर सिद्ध करावं लागतं की त्याला, त्याच्या एजंटला आणि गाडीवरच्या माणसाला माहिती नव्हती, त्यांची साथ नव्हती, आणि प्रत्येकाने योग्य ती काळजी घेतली होती. ही 'काळजी' कागदावर दिसली पाहिजे. नेमणुकीच्या वेळी चालकाच्या परवान्याची आणि पत्त्याची पडताळणी, एलआरवर (मालवाहतुकीच्या पावतीवर) माल पाठवणाऱ्याचं नाव, नग आणि वजन, जीपीएसचा इतिहास, वाटेत परस्पर माल घ्यायचा नाही अशी चालकाची सही असलेली लेखी सूचना. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून किंवा तुर्भ्याच्या एपीएमसीतून निघालेल्या गाडीत 'दोन गोणी वरून टाकल्या' हा प्रकार सर्वांत घातक, कारण त्या गोण्यांचा एलआर नसतो.

जीएसटी : ई-वे बिल तपासायचा अधिकार जीएसटीच्या योग्य अधिकाऱ्याचा (कलम ६८), नाक्यावरच्या पोलिसाचा नाही. आंतरराज्य ५० हजार आणि महाराष्ट्रांतर्गत १ लाख रुपयांच्या वर बिल लागतं. साध्या मालाला दर २०० किमीला एक दिवसाची मुदत. गाडी अडवली तर अधिकाऱ्याने तपासणीचा अहवाल २४ तासांत पोर्टलवर टाकायचा, पूर्ण अहवाल ३ दिवसांत. कलम १२९ खाली अडकवली तर नोटीस ७ दिवसांत, आदेश नोटिशीपासून ७ दिवसांत. पोलिसाला माल चोरीचा वाटला तर तो बीएनएसएसच्या १०६ खाली अडवेल, पण "ई-वे बिल संपलं, दंड भरा" असं तो म्हणू शकत नाही.

जेएनपीटीहून निघालेला सीलबंद कंटेनर : सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १०६ खाली थांबवायचा आणि तपासायचा अधिकार कस्टम्सच्या अधिकाऱ्याचा. पोलिसांना त्यांच्या कायद्याखाली उघडावाच लागला, तर चालकाने एकच गोष्ट पाहायची. जुन्या बॉटल सीलचा पूर्ण क्रमांक, ते कापल्याची वेळ आणि नंतर लावलेल्या सीलचा क्रमांक, तिन्ही पंचनाम्यात आले पाहिजेत. कापलेलं सील मुद्देमालात गेलं की त्याचा फोटो ठेवा. हे नसेल तर पोहोचल्यावर माल घेणारा 'सील तुटलेलं' म्हणून सही करत नाही, आणि विमा कंपनीही तोच मुद्दा पकडते.

जनावरांच्या गाड्या : महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६ च्या कलम ८ मध्ये वाहन थांबवून झडतीचा अधिकार पोलीस उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाला आणि शासनाने अधिकार दिलेल्या व्यक्तीलाच. रस्त्यावर जमलेल्या जमावाला नाही. खासगी माणसाने कोणाला पकडलं तर बीएनएसएस कलम ४० प्रमाणे, तेही त्याच्यासमोर दखलपात्र अजामीनपात्र गुन्हा घडत असेल किंवा तो माणूस उद्घोषित गुन्हेगार असेल तरच, आणि ६ तासांच्या आत पोलिसांकडे सोपवायचं. जमावाने गाडी अडवली तर चालकाने दार न उघडता ११२ लावावा.

ऐरोली_से८

पंच कोण होऊ शकतं? पोलीस त्यांचाच माणूस आणतात असं ऐकतो.

ठाणे_अंमलदार_निवृत्त

बीएनएसएस कलम १०३ (जुनं १००) : परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी. परिसरात मिळाले नाहीत किंवा तयार झाले नाहीत तर दुसऱ्या भागातले चालतात. लेखी आदेश देऊनही विनाकारण नकार दिला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २२२ खाली गुन्हा. रात्री दोन वाजता हायवेवर कोणी थांबत नाही, म्हणून पथक पंच सोबत घेऊन निघतं. त्यात मुळात चूक नाही. चूक होते ती तेच दोन पंच दहा पंचनाम्यांत दिसले की. बचावाचा वकील त्यांचे जुने पंचनामे काढतो आणि साक्ष तिथेच लंगडी पडते.

चांगला पंचनामा असा होतो. आधी पोलीस आणि पंच स्वतःची अंगझडती गाडीवाल्याला देतात, म्हणजे नंतर "तुम्हीच ठेवलं" म्हणता येत नाही. मग गाडी जशी उभी आहे तशी बाहेरून : नंबर, रंग, कोणत्या खांबासमोर, तोंड कोणत्या दिशेला. मग एकेक भाग : डॅशबोर्डचा खण, सीटखाली, दारांचे कप्पे, मागची सीट, डिकी, स्टेपनीचा खळगा. वस्तू कुठून निघाली ते "गाडीतून" असं मोघम न लिहिता "चालकाच्या सीटखाली, डाव्या रुळाजवळ" असं. वजन कशावर केलं, काटा कुठून आणला. पाकीट, लाख, मोहोर, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. सुरू आणि संपल्याची वेळ. यादीवर पंचांच्या सह्या, आणि गाडी ज्याच्या ताब्यात होती त्याला यादीची प्रत.

आता कलम १०५ मुळे संपूर्ण झडती-जप्तीचं, यादी करण्यापासून सह्यांपर्यंत चित्रण लागतं आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे जातं. 'ई-साक्ष्य' अॅपवर ते होतं. अंमलदारांच्या दोन चुका नेहमीच्या : माल सापडल्यानंतर कॅमेरा सुरू करणं, आणि यादी पोलीस ठाण्यात बसून लिहिणं पण जागा नाक्याची दाखवणं. दोन्हींमध्ये चित्रणाची वेळ आणि पंचनाम्याची वेळ जुळत नाही, आणि खरी केस हातची जाते.

कोपरीकर_वकील

हा प्रतिसाद पोलीस भरतीच्या अभ्यासात लावावा असा आहे.

त्याच्याच जोडीला : झडती बेकायदा ठरली म्हणजे केस आपोआप संपत नाही. आपल्याकडे पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो प्रस्तुत आहे का, हे आधी पाहिलं जातं. राधाकिशन (१९६३) आणि पूरनमल (१९७४) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा तोच रोख. झडतीत दोष असेल तर न्यायालय पुरावा जास्त काटेकोरपणे पारखतं. एनडीपीएसचं ४२ आणि ५० हे कडक अपवाद. म्हणून नाक्यावर जिंकायचं नसतं, तिथे फक्त नोंद बरोबर होईल हे पाहायचं.

आणि अडवाअडवी नकोच. हात धरणं, ढकलणं, दार आपटणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये जाऊ शकतं, २ वर्षांपर्यंत कैद. नुसता अडथळा कलम २२१. झडती कायदेशीर असेल आणि तुम्ही डिकी उघडली नाही, तर बंद ठिकाण उघडून आत जाण्याचा अधिकार पोलिसांना आहे. लॉक फुटेल, भरपाई मिळणार नाही. हरकत तोंडी, शांतपणे, एकदाच नोंदवा : "मी स्वतःहून संमती देत नाही, पण अडवतही नाही. कारण लिहून घ्या." स्वतः हसत डिकी उघडून दिली तर नंतर जबरदस्ती झाली असं म्हणणं अवघड.

घोडबंदर_आरटीओ_सल्ला

व्हिडिओ काढण्याबद्दल कोणी विचारण्याआधीच : सार्वजनिक रस्त्यावर आपल्याच गाडीच्या तपासणीचं चित्रण करायला सरसकट बंदी नाही. पोलीस ठाणं हे सरकारी गुपिते अधिनियमातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. पण फोन अधिकाऱ्याच्या तोंडासमोर नाचवू नका, डॅशकॅम सर्वांत उत्तम. त्याची तारीख-वेळ बरोबर आहे ना हे महिन्यातून एकदा पाहा. कोर्टात लावायचं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ मेमरी कार्ड पुसू नका, काढून ठेवा.

नेरूळ_मैथिली

गाडीत फक्त महिला असतील तर? आणि निवडणुकीच्या वेळी रोख रक्कम?

बेलापूर_अॅडव्होकेट

महिलेची अंगझडती महिलेनेच, सभ्यतेचं पूर्ण भान ठेवून घ्यायची. याला अपवाद नाही. पण पर्स आणि डिकी ही अंगझडती नव्हे. महिला अंमलदार नाही म्हणून गाडीची तपासणी थांबत नाही. तरी महिला अंमलदार येईपर्यंत थांबा असं सांगणं पूर्ण रास्त, आणि नेमकं कारण सांगितलं तर सहसा थांबतात.

रोख रक्कम : किती रोकड बाळगावी यावर कायद्याने मर्यादा नाही. लोकसभा-विधानसभेच्या आचारसंहितेत निवडणूक आयोगाच्या कार्यपद्धतीप्रमाणे भरारी पथकं आणि स्थिर निगराणी पथकं नाक्यावर बसतात. कार्यकारी दंडाधिकारी हजर असतो, तपासणीचं चित्रण होतं. उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षकार्यकर्त्याच्या गाडीत ५० हजारांच्या वर रोकड, किंवा १० हजारांच्या वर किमतीचं प्रचारसाहित्य, दारू, भेटवस्तू सापडल्या तर जप्ती. १० लाखांच्या वर रोकड असेल तर आयकर विभागाला कळवतात. व्यापाऱ्याने बँकेची पैसे काढल्याची पावती, बिलबुक, हॉस्पिटलचा अंदाजखर्च असं काहीतरी सोबत ठेवावं. तरी जप्त झाली तर जिल्ह्यात समिती असते : जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, खर्चाचे नोडल अधिकारी, जिल्हा कोषागार अधिकारी. जप्तीच्या कागदावरच या समितीकडे दाद मागता येते असं लिहिलेलं असायला हवं.

कळंबोली_मालवाहतूक

गाडी जप्त झाली तर सोडवायची कशी, हे कोणीतरी लिहा. यार्डात उभ्या गाडीचे टायर आणि बॅटरी शिल्लक राहत नाहीत.

बेलापूर_अॅडव्होकेट

सुपुर्दनाम्यावर, म्हणजे बोलावल्यावर हजर करण्याच्या हमीवर कोर्टाकडून मिळणाऱ्या तात्पुरत्या ताब्यावर. बीएनएसएस कलम ४९७ किंवा ५०३ (जुनी ४५१, ४५७). सुंदरभाई अंबालाल देसाई (२००२) निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की वाहनं पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं कुजत ठेवू नयेत. नव्या ४९७ मध्ये तर मालाचं विवरण १४ दिवसांत, फोटो-चित्रण, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश असा क्रम घातला आहे.

नवी मुंबईकरांची गल्लत कुठे होते? आयुक्तालय एक, जिल्हे दोन. वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात, त्यामुळे बेलापूर न्यायालय. पनवेल, कळंबोली, खारघर, कामोठे रायगड जिल्ह्यात, त्यामुळे पनवेल न्यायालय. चुकीच्या कोर्टात अर्ज टाकला की आठवडा जातो. एफआयआरवर पोलीस ठाण्याचं नाव पाहून ठरवा.

अर्जासोबत : आरसी, विमा, पीयूसी, मालकाचं ओळखपत्र, जप्ती पंचनामा, एफआयआर. कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र. कोर्ट पोलिसांचं म्हणणं मागवतं. आदेशात बहुधा अटी असतात : गाडी विकायची नाही, रंग-रूप बदलायचं नाही, बोलावल्यावर हजर करायची, अमुक रकमेचं बंधपत्र. एनडीपीएसमध्येही गाडी अंतरिम सोडता येते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बिश्वजीत डे प्रकरणात तसं ठरवलं. मालकाचा गुन्ह्याशी संबंध नाही हे जितकं स्वच्छ दिसेल तितकं सोपं.

गाडी यार्डात जाण्यापूर्वी पंचनाम्यात किलोमीटरचा आकडा, पाचही टायरचे ब्रँड आणि क्रमांक, बॅटरीचा क्रमांक, म्युझिक सिस्टीम, जॅक-पान्हे लिहून घ्या. लिहीत नसतील तर तिथेच फोटो काढून त्याच दिवशी पोलीस ठाण्यात अर्जाची पोच घ्या.

कोपरीकर_वकील

शेवटचा एक मुद्दा, जो उशिरा सुचतो आणि तोवर पुरावा पुसला जातो. झडती कुठे आणि कधी झाली यावर वाद असेल तर तुमच्या शब्दापेक्षा यंत्रांच्या नोंदी जास्त बोलतात. टोल भरून आला असाल तर फास्टॅगचा संदेश, ज्यात नाका आणि वेळ असते. गाडीचा जीपीएस, पेट्रोल पंपाची पावती. पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीबद्दल परमवीर सिंग सैनी (२०२०) निकालात सर्वोच्च न्यायालयाने चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष टिकवायला सांगितलं आहे. चौकातले आणि दुकानांचे कॅमेरे मात्र काही दिवसांत स्वतःवरच पुन्हा लिहितात. म्हणून पहिल्या दोन दिवसांतच पोलीस आयुक्तालय, महापालिका आणि शेजारच्या दुकानदाराला लेखी पत्र द्या : अमुक तारीख, अमुक वेळ ते अमुक वेळ, अमुक कॅमेऱ्याचं चित्रण राखून ठेवा. पत्रावर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या, नाहीतर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती ठेवा. पुढे कोर्टात चित्रण मागवायचा अर्ज केला की हेच पत्र जोडायचं.